चावी ताटात

मला राग लवकर येतो, हे अख्ख्या जुन्नरला ठाऊक. पण कुशामावशींवर ओरडायचं माझ्या मनात नव्हतं, अल्लाची शप्पथ!

दसऱ्याचा दिवस. पिंपळवंडीत सुदर्शनच्या अंगणात त्याची लाल गाडी उभी. नवा टर्बो बसवलेला, म्हणून पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला नव्यानं शिकवायचं व्हतं. पुण्याला न्यायची सोडून त्यानं गाडी माझ्या हवाली केली. ती मेली असती तर माझ्या गॅरेजकडं कुत्रंबी फिरकलं नसतं.

मी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. डाव्या हातानं मांडीवरचा लॅपटॉप सावरलेला. लॅपटॉपातून गाडीत गेलेल्या केबलची पिन ढिली, ती उजव्या अंगठ्यानं दाबून धरलेली. प्रोग्राम निम्मा आत गेला व्हता. अशात चावी बंद झाली की कॉम्प्युटर कायमचा गेला. अन् सुदर्शन गेलेला झेंडूचा हार आणायला.

तेवढ्यात त्याची आई, कुशामावशी, पूजेचं ताट घेऊन आल्या. ड्रायव्हरकडच्या खिडकीतून हात घातला तो थेट चावीवर.

"मावशी, थांबा!"

"मुहूर्त थांबतो व्हय रे? चावी ताटात ठिवायचीय."

"आता नाय! लई नुकसान व्हईल."

"सणासुदीचं नुकसान म्हणतोस? जीभ आवर!" चावी हलली.

माझा तोल गेला. "हात काढा! लावायचा नाय हात!"

शेजारचे सावळेराम धावत आले, माझ्या बाजूचं दार उघडून त्यांनी कॉलरच धरली. "पूजेला आडवा येतोस? वयनीवर आवाज चढवतोस?"

बटणं तुटली. एरवी मी ऐकून घेतलं नसतं. पण अंगठा सुटला की खेळ खलास. गळा आवळत व्हता. रडू आलं राव, खोटं कशाला बोलू!

"मावशी," कसंबसं म्हणालो, "सुदर्शननं माझ्या भरवशावर ठिवलीय. आता बंद केली तर मरंल ती."

मावशींनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग पांढऱ्याफटक पडलेल्या अंगठ्याकडं. चावीवरचा हात काढला. "सावळेराम, सोड त्याला."

सावळेरामांनी कॉलर सोडली. पडद्यावरची पट्टी रांगत रांगत शेवटाला टेकली. मी चावी बंद केली, बिस्मिल्ला म्हणून परत फिरवली. इंजिन सुरू झालं!

मग ते बंद करून चावी काढली अन् दोन्ही हातांनी ताटात ठेवली. "चुकलो, मावशी."

"चुकलासच. मोठ्या माणसावर असं वरडत्यात?" त्यांनी चावीला हळदकुंकू वाहिलं. "तुझं हत्यार कुठंय? आण इकडं."

मी लॅपटॉप पुढं केला. तो त्यांनी बाजूला सारला, माझा उजवा हात ओढून घेतला अन् अंगठ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

सावळेराम मातीत उकिडवे बसून माझी बटणं शोधत व्हते.