बांधावरचा राखणदार

तुळशीने तिवराची, म्हणजे खाडीतल्या खारफुटीची, रोपं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवली होती. विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या त्या गॅलरीत त्यामुळे माणसाला पाऊल टाकायला जागा उरली नव्हती. ती रोपांना मिठाचं पाणी घालायची आणि मीठ बरोबर आहे का ते कालवणासारखं जिभेवर टेकवून बघायची. शेजारणी म्हणाल्या, बाई खुळावली. जनू भोईर, तिचा नवरा, पिशव्या ओलांडून ये-जा करायचा. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला घरात मत देण्याचा अधिकार उरला नव्हता.

रोपं लावायची होती ती भोइरांच्याच जुन्या खारशेतात. खाडीच्या बाजूला बांध, आत पडीक जमीन, त्यावर प्लास्टिक. अंबरनाथ पश्चिमेच्या, तिवर लावायची मोहीम चालवणाऱ्या भाविका मॅडम दर रविवारी माणसं घेऊन यायच्या. सगळ्यांनी मिळून प्लास्टिक उचललं, चिखलात वाकून तुळशीची रोपं लावली. मग भाविकाने सांगितलं, "आता बांध फोडायचा. भरतीचं पाणी आत आलं नाही तर तिवर जगणार नाही."

जनू हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतात.

कारण भोइरांच्या सात पिढ्यांनी एकच काम केलं होतं. खारं पाणी बाहेर ठेवायचं. बांधाला भगदाड पडलं, म्हणजे त्यांच्या बोलीत खांड पडली, अशी हाक आली की भरल्या ताटावरून उठायचं. जनूचा बाप स्वतःच्या हळदीतून उठून बांधावर गेला होता. लग्नात तो पिवळा कमी आणि चिखलाने काळा जास्त दिसत होता, म्हणतात.

तरी बांध फोडला. पुढच्या रविवारी येऊन बघतात तर खांड बुजलेली. पुन्हा फोडली. पुन्हा बुजली. तीही अशी सुबक, की आत पेंढा, वर चिकण माती, त्यावर तळहाताने थापटलेलं.

"जमिनीवर डोळा असलेल्या बिल्डरचा माणूस असणार," रविवारच्या माणसांतला, उल्हासनगरात नळफिटिंगचं दुकान चालवणारा अल्पेश म्हणाला. "लेकिन काम एकदम सॉलिड आहे हां. माझ्याकडे असा कारीगर नाही."

आत रोपांची पानं कडेने पिवळी पडू लागली होती. भाविका म्हणाली, पुनवेच्या उधाणाला पाणी आत आलं नाही तर ही रोपं गेली.  तुळशीने एका रोपाचं पान पदराने पुसलं, शाळेत जाणाऱ्या पोराचं नाक पुसावं तसं.

ते बघून जनू पुढे झाला. तो म्हणाला, "राखणीला मी बसतो. नायतरी दुपारचा तिथं चिंचेखालीच पडून असतो."

खांड पुन्हा फोडली आणि त्याला एक शिट्टी देण्यात आली.

दुपारच्या वेळी तिथे फारसं काही घडत नसे. चिंचेची सावली, पलीकडे संथ पाणी, एका पायावर उभा बगळा. तोही राखणीला बसवल्यासारखाच. मातीला ऊन लागून तिचा आंबूस वास सुटायचा आणि जनूचे डोळे जड व्हायचे. मग भात डोलताना दिसायचा. हिरवा, लोंबीला आलेला. बांधावरून बाप चालत यायचा, कमरेला रुमाल, खांद्यावर फावडं. थांबून म्हणायचा, "जनू, पानी आत चाललंय रं." रागावून नाही. पोराला जेवायला हाक मारावी तसं. आणि जनूला फार बरं वाटायचं. हाताला गार काहीतरी लागत राहायचं.

पुनवेच्या आदल्या दुपारी तुळशी डबा घेऊन आली. चिंचेखाली कोणी नव्हतं. जनू खांडीत गुडघे टेकून बसला होता. डोळे अर्धे उघडे, चेहरा देवळात बसल्यासारखा, आणि हात माती थापटत होते.

"अवो, काय करताव?"

"बाबा बोललं, पानी आत चाललंय."

तुळशीने डबा खाली ठेवला. झोपेत चालणाऱ्याला हलवू नये म्हणतात, म्हणून ती तशीच उभी राहिली. शेवटचा थर देऊन झाल्यावर जनू जागा झाला, समोर बुजलेली खांड बघितली आणि संतापून त्याने शिट्टी तोंडात घातली. शिट्टीतून आवाज आला नाही, चिखल आला. तो थुंकला. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

"मीच?"

"नाय तर कोन? बगल्याला फावडा धरता येतो का?"

"तुझी रोपं मीच मारतोय, तुळशे."

 तिने डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी, पुनवेच्या उधाणासाठी जमलेल्या सगळ्यांदेखत त्याने सांगून टाकलं. अल्पेश म्हणाला, "काका, चोर पण तुम्हीच, पोलीस पण तुम्हीच? मग तर तुम्ही नगरसेवक व्हायला पाहिजे." भाविकाने हसू आवरलं आणि अदबीने सुचवलं की काकांनी आज घरी आराम करावा.

"घरी नाय," तुळशी म्हणाली. "बांध त्यांच्या बापाचा हाय. तेच फोडतील. जागेपनी."

जनू बांधावर चढला. फावडं उचललं आणि तसंच धरून राहिला. "बाबा," तो हळूच म्हणाला, "आता आत भात नाय. तुमच्या सुनेनं दुसरं पेरलंय. त्याला खारंच लागतं." बाप जिवंतपणीही एका हाकेला ओ देत नसे. जनूने पहिला घाव घातला.

उधाण चढू लागलं. पाणी आधी खांडीशी येऊन घुटमळलं, परक्या घरात शिरावं तसं, आणि मग आत सरकलं. पायांना थंड लागताच जनूचे हात आपोआप चिखलाकडे गेले. त्याला ते दिसत होतं, आणि थांबवता येत नव्हतं.

तुळशी साडी खोचून पाण्यात उतरली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"सोड, लोक बगतात," जनू म्हणाला.

"बगू दे."

पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. तिच्या मुठीत त्याचे हात एकदोनदा जाळ्यातल्या मासोळीसारखे उसळले आणि हळूहळू गप झाले. पाणी दोघांच्या मधून, बाजूने, आत चाललं होतं. आतली पानं एकेक करून ओली होत होती.