झाकण कोण आपटतं?

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला सगळा बाजार डॉक्टर म्हणायचा आणि त्यालाही त्याची काही हरकत नव्हती. स्क्रीन लुकलुकते अशी तक्रार आली की तो लॅपटॉपकडे नव्हे, आधी माणसाकडे बघायचा आणि विचारायचा, "घरात झाकण कोण आपटतं?" या प्रश्नाला "कुणीच नाही" असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. सुनेला सासू आठवायची, भावाला बहीण. आरोपी घरातच सापडला की गिऱ्हाईक दुकानात भांडत बसत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी तर क्षणभरही विचार केला नव्हता. "आमचे हे! दुसरं कोण?" त्यांच्या लॅपटॉपला नवी स्क्रीन डॉक्टरनेच बसवून दिली होती आणि दुसऱ्याच दिवसापासून ती लुकलुकायला लागली होती. त्याने दोन-चार सेटिंग्ज बदलल्या, आपला प्रश्न विचारला आणि बाईंना वाटेला लावलं.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा दारात.

"अहो, अजून तसंच आहे. आणि यांना तर मी आता हातसुद्धा लावू देत नाही. रोज सकाळी मित्राबरोबर बुद्धिबळ खेळायचे त्यावर. तेही बंद केलं. खिडकीपाशी बसून असतात नुसते."

डॉक्टर चपापला. हातच लावत नाहीत, तर आपटणार कोण? आता खरोखरच तपासणं आलं. त्याने बाहेरचा मॉनिटर जोडला. त्यावर चित्र ठणठणीत. म्हणजे गडबड स्क्रीनमध्ये, नाहीतर तिच्या केबलमध्ये. झाकण हळूहळू मागे नेलं, तर अर्ध्यावर येताच लुकलुक सुरू. मग स्क्रू काढले, स्क्रीन पुढे कलती केली आणि मागे डोकावला. केबलचं टोक खाचेत अर्धंच बसलेलं होतं. ते धरून ठेवणारी चिकटपट्टी लावलेलीच नव्हती. तिथवर त्याच्याशिवाय कुणाचाच हात पोचला नव्हता.

त्याने टोक नीट दाबलं, चिकटपट्टी लावली, सगळं बंद केलं. दहा वेळा झाकण उघडमीट करून पाहिलं, शेवटी तर मुद्दाम आपटलंसुद्धा. चित्र ढिम्म हललं नाही.

आता मूग गिळून गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. धंद्यात तसंच करतात. पण खिडकीपाशी बसलेला तो न पाहिलेला माणूस काही डोळ्यांपुढून हलेना, आणि डॉक्टरला स्वतःची लाज वाटली.

"बाई, चूक माझी होती. केबल मीच अर्धवट बसवली होती. साहेबांचा यात काडीचाही संबंध नाही."

दुसऱ्यासाठी खोटं बोलणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "उगीच त्यांची बाजू घेऊ नका. त्यांनी कबूल केलंय."

"काय कबूल केलंय?"

"झाकण आपटलं म्हणून. पहिल्यांदा नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, हो, मीच आपटलं, आता नाही आपटणार."

डॉक्टरने स्क्रू पुन्हा काढले, चिकटपट्टी सोडवून टोक पुन्हा अर्धं बाहेर ओढलं आणि लुकलुक सुरू होताच ती जागा दाखवली. बाईंनी चष्मा नीट केला, वाकून बराच वेळ पाहिलं आणि स्टुलावर बसल्या.

"चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला," त्या हळूच म्हणाल्या. "आणखी कायकाय कबूल केलंय त्यांनी, ते आता कुणाला विचारू?"