हळदीच्या दिवशी लेखी

आबांच्या किडनीवर गाठ निघाली तेव्हा माझं पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे धावणं-गोळाफेक, पास झालं होतं, लेखी तेवढी राहिली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन बघितला आणि सांगितलं, कॅन्सरच वाटतोय, किडनी काढावी लागंल.

आम्ही माघारी गावात, तामलवाडीत पोचायच्या आधी बातमी पोचली. आबांची थोरली बहीण, सिताआत्या, पिशवी भरूनच आली. "धोंडीबाच्या डोळ्यादेखत पोरीचं हात पिवळं करा," म्हणाली. "त्याला काय बरंवाईट झालं तर वरीसभर घरात कार्य न्हाय." आबा नुसतं माझ्याकडं बघत बसले. मरणाऱ्या बापाला नाही कसं म्हणायचं? मी मान हलवली.

लग्नाला ऑपरेशनच्या आधीची तारीख धरली. मुरुमचा कृष्णराज, खताचं दुकान. माणूस वाईट न्हाय, उगं खोटं कशाला बोलू. पण हळद आणि लेखी एकाच दिवशी आली. हळद सकाळी, पेपर दुपारी धाराशिवला. म्हणलं, पेपर देऊन लगीच माघारी येते. आत्या दारात आडवी झाली. हळदीच्या अंगानं गावची शीव ओलांडायची न्हाय, बापाच्या जिवावर येतं. बापाच्या जिवाचं नाव काढल्यावर मी दारातनंच माघारी वळले. पेपर सुरू झाला असंल तेव्हा बायका मला बांगड्या भरत होत्या.

लग्न झालं. आबांची किडनी काढली. काल रिपोर्ट आला. ऑन्कोसायटोमा का काय म्हणतात त्याला. साधी गाठ, कॅन्सर न्हायच. स्कॅनमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात, काढून तपासल्याशिवाय खात्रीनं सांगता येत न्हाय, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे त्यांची चूक न्हाय. कुणाचीच न्हाय. राग यायचा तर कुणाचा, तेच कळंना, म्हणून तोही आला न्हाय.

आज सकाळी आबांनी फोन करून ते सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मला आनंद झाला, देवाशपथ झाला, पण डोळ्यांत टिपूस आलं न्हाय. हात आपला थापतच होता.

"शिवकन्या," आबा म्हणाले, "सिताक्का म्हणती ते खरं हाय बघ. तू त्या दिवशी शीव ओलांडली न्हाईस, म्हणून म्या वाचलो."

ती गाठ पहिल्यापासून साधीच होती, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण लई दिवसांनी आबांचा आवाज मोकळा झाला होता.

"व्हय, आबा," मी म्हणाले.