निरोगी नमुना

धाकटी अंथरुणातून उठेना, तेव्हा बाबांनी एका शब्दात निकाल लावला. "थेरं!"

ताई प्रयोगशाळेत लाळेतलं कॉर्टिसॉल मोजायची. ताण आला की शरीर जे संप्रेरक सोडतं, ते. सकाळी ते चढतं, रात्रीपर्यंत ओसरतं; नैराश्य आलेल्या अनेकांत मात्र ओसरायचं नाव घेत नाही. एकट्या लाळेवरून निदान होत नसतं, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. पण बाबांना माणूस पटत नाही, आलेख पटतो, हेही ठाऊक होतं.

"यात थुंक," तिने धाकटीपुढे नळी धरली. "दात घासायच्या आधी. मग रात्रीपर्यंत आणखी तीनदा."

"दात कोण घासतंय इथे?" कित्येक दिवसांनी धाकटी विनोद करत होती. मग उशीवरून मान न उचलता तिने विचारलं, "यात दिसेल ना, ताई? मी नाटक करत नाही ते?"

"दिसेल."

तुलनेला निरोगी माणसाची लाळ लागते. प्रयोगशाळेत यंत्र नवं होतं, निरोगी लोकांचा गट अजून जमायचा होता. तोवर कामावरच्याच कुणाची तरी लाळ चालवून घेत. "कुणाला काही आजार?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं होतं. ताईने खुशाल नाही म्हटलं आणि स्वतःचीच लाळ दिली. गॅस बंद केला का हे बघायला ती अर्ध्या वाटेतून परत यायची, फोन वाजला की ती आधी 'कुणाला काय झालं?' असंच विचारायची, झोपेत दात आवळून तिचा जबडा दुखायचा. पण याला घरात आजार कोण म्हणणार? "थोरलीला सगळ्यांची काळजी," असं बाबा कौतुकाने सांगायचे. एकीला स्वभाव मिळाला, दुसरीला खोड. वाटणी कधीच झालेली.

दोघींच्या रेघा तिने एकावर एक ठेवल्या. तंतोतंत जुळल्या. दोन्ही रात्रीही फारशा उतरत नव्हत्या, पण ते नव्या यंत्राचं असेल, असं तिने धरलं.

"निरोगी माणसासारखंच आहे," तिने घरी सांगितलं. खोटं बोलणं तिला जमत नसे.

"मी काय सांगत होतो?" बाबा म्हणाले. धाकटीने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून तिने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडल्या. आजारच नाही तर औषध कशाला?

पुढे निरोगी गट जमला. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. सगळ्या रेघा संध्याकाळी उतरत होत्या. एकच वर अडकून पडली होती. "अगं, ही तर तुझी! ही निरोगी म्हणून वापरलीस?"

ताई पडद्याकडे बघत राहिली. भीतीने चेतवलेली यंत्रणा वर्षानुवर्षं विझत नाही, तेव्हा तिच्याच राखेत पुष्कळदा नैराश्य सापडतं, हे तिने कितीदा वाचलं होतं. चिंता आणि नैराश्य, दोन आजारांची मुळं जमिनीखाली एकमेकांत गुंतलेली. तिला वाटत होतं, आपण काठावर उभं राहून धाकटीला हात देतोय. काठ नव्हताच.

घरी आल्यावर ती चपलाही न काढता धाकटीच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं. चूक माझी, तू खरी होतीस, गोळ्या पुन्हा सुरू करू.

धाकटी भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे तुझ्यातही तेवढंच आहे."

"हो."

"आणि तू रोज उठतेस. कामावर जातेस."

"तसं नसतं गं. प्रत्येकाचं शरीर—"

"म्हणजे उठता येतं, ताई. मीच उठले नाही."

ताईने तोंड उघडलं. उत्तर होतं तिच्याकडे, लांबलचक, आधारासकट. पण छाती नेहमीसारखी धडधडू लागली, आणि मग, कधी नव्हे ते, धडधडायचीही दमली. ती पलंगाच्या कडेला टेकली. मग धाकटीच्या पाठीला पाठ लावून आडवी झाली, जरा वेळ म्हणून.

"थोरले, चहा टाकतेस ना?" बाहेरून बाबांची हाक आली.

तिला ऐकू आलं. उठायला हवं, हेही कळलं. पायात चपला तशाच होत्या.

"थोरले?"