संध्याकाळचा खो

नवा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडत नाही, अशी तक्रार करणारा त्या दुकानातला मी पहिलाच गिऱ्हाईक असेन. पण ते पुढे. आधी जुन्याचं सांगतो, कारण माझा सगळा जीव त्या जुन्यात होता.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, मी त्यांवर दात बसवून परत पाठवतो. माणूस कधी दिसत नाही. तरी साच्यावरून मला बरंच कळतं. हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूने चावते, हा चिडका असणार. खरं-खोटं कोण सांगणार? कुणी येऊन कधी खोडून काढलेलं नाही, म्हणून मी स्वतःला मोठा जाणकार समजतो.

दिवसभर कानाशी घासायच्या मशीनची किरकिर असते. घरी आल्यावर मला चांगला आवाज लागतो, आणि चांगला म्हणजे चांगलाच. गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला हे ऐकू आलं नाही तर माझं डोकं फिरतं. त्यासाठी मी तो अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. नुसता आवाज मोठा करणारा डबा नव्हे तो. इंटरनेटवरून गाणं स्वतः ओढून घ्यायचा आणि थेट स्पीकरना द्यायचा. गाण्यांच्या कंपनीत खातं उघडायचं, रिमोटचं बटण दाबायचं आणि खुर्चीत रेलायचं. शेजारी म्हणायचे, एकट्या माणसाला एवढं कशाला? अरे, एकट्यालाच तर लागतं.

तेव्हा एकटा नव्हतो म्हणा. लेक होती घरात. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी बसायची नाही. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. मग घरात माणसं दोन आणि स्पीकर दोन. भिंगरी पूल बांधणाऱ्या कंपनीत नोकरीला लागली, लांबच्या शहरात राहायला गेली, आणि जाताना गाण्यांच्या खात्याचा पासवर्ड तेवढा घेऊन गेली. पासवर्ड म्हणजे तिचंच हे टोपणनाव, पुढे तिच्या आईचं.

त्या खात्याची एक गंमत होती. खातं एकच, त्यावर एका वेळी एकानेच ऐकायचं. तिने तिकडे गाणं लावलं की इकडे माझं बंद. पडद्यावर अक्षरं यायची, ‘दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.’ मी लगेच बटण दाबायचो, की तिकडे तिचं बंद. मग फोन वाजायचा. बाबा, मी आत्ता कुठे दमून टेकले होते, तुम्ही मला खो दिलात. मी म्हणायचो, आधी तू दिलास. त्या भांडणात मग तिचं जेवण, तिची खोली, तिचा खडूस साहेब, सगळं निघायचं. आमच्या घरात त्याचं नावच पडलं होतं, संध्याकाळचा खो.

पुढे अ‍ॅम्प्लिफायरचा पडदा गेला. अक्षरं दिसेनात. आवाज मात्र तसाच फक्कड होता, त्यामुळे मी दुरुस्तीच्या भानगडीत पडलो नाही. त्याच सुमारास धुळीला कंटाळून काचेच्या दाराचं छानसं कपाट करून घेतलं आणि त्याला त्यात बसवलं. आणि मलाही जरा शहाणपण सुचलं. वाटलं, पोरगी दिवसभर राबून येते, आपण बापाने तिच्या गाण्यात कशाला पाय घालायचा? ऐकू दे की बिचारीला. तेव्हापासून खो मिळाला की मी बटण दाबायचं सोडलं. गाणं मध्येच तुटलं की मनात म्हणायचो, आली घरी. आणि तासभर तसाच गप्प बसायचो, तिचं ऐकून होईपर्यंत. तो तास मला कधी रिकामा वाटला नाही. ती आता चपला काढत असेल, खिडकी उघडत असेल, पाय वर घेऊन बसली असेल.

हळूहळू मला तिचं वेळापत्रक पाठ झालं. थंडीत ती उशिरा यायची. उन्हाळ्यात मात्र लवकर, कारण माझं गाणं लावून होतं न होतं तोच खो. सुट्टीच्या दिवशी मी सकाळी ऐकायला बसलो तर ती सकाळीच उठलेली असायची. एकदा मी ढोल-ताशांसारखं दणदणीत काहीतरी मोठ्याने लावलं, तर पाचच मिनिटांत खो. मी खूप हसलो. म्हटलं, तिकडे बसून हिला माझी आवड कशी कळते?

फोन कमी झाले. म्हणजे बंदच झाले म्हणा. मधूनअधून मेसेज यायचा, ‘ठीक?’ मी लिहायचो, ‘ठीक.’ मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. रोज संध्याकाळी गाठ पडतेच आहे, तर फोन कशाला?

मग डाव्या स्पीकरमधून चरचर यायला लागली. मी सहन केली, केली, पण कान म्हणजे माझं नाजूक दुखणं. शेवटी दुकानदाराला बोलावलं. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. स्पीकरला कान लावून डोळे मिटले की तो दुसऱ्या जगात असतो. त्याने डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला की स्पीकर ठणठणीत आहे, डबा म्हातारा झालाय. जुना द्या, नवा घ्या. मी तीन आठवडे कुरकुर केली आणि मग नवा घेतला. सुरेख आहे. पुढे तळहाताएवढा पडदा, त्यावर गाण्याचं नाव, चित्र, सगळं. कपाटात मावेना, म्हणून स्टुलावर ठेवला. जुना उस्ताद घेऊन गेला. जाताना मी त्याच्यावर फडकं फिरवलं. उस्ताद हसला नाही, हे मला आवडलं.

पहिल्या संध्याकाळी मी हरखूनच गेलो. गायिकेने श्वास घेतला तो जणू माझ्या कानाशीच. एक संपलं, दुसरं लागलं, तिसरं लागलं. माझं जेवण झालं, भांडी झाली, तरी गाणं आपलं चालूच. मनात पाल चुकचुकली. आज उशीर झाला वाटतं हिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी गाणं ऐकतच नव्हतो, गाणं तुटायची वाट बघत होतो. कान तिकडे, पण गाणं एक अक्षर आत जाईल तर शपथ. घरभर संगीत आणि मला घर खायला उठलेलं.

ती आजारी आहे? कुठे गेली? मेसेज टाकला, ‘ठीक?’ उत्तर आलं, ‘ठीक.’ माझं समाधान होईना. मग खापर मशीनवर फोडलं आणि उस्तादला फोन लावला. म्हटलं, हा नवा डबा नीट जोडलेला नाही, हा बंदच पडत नाही.

उस्ताद आधी हसला. मग म्हणाला, काका, जुना मी उघडून बघितला, आत धूळ आणि उष्णता. कोंडून ठेवला होतात का? तापला की तो स्वतःला बंद करून घ्यायचा, थंड झाला की पुन्हा चालायचा. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. तो माझी मुलगी बंद करायची.

उस्ताद म्हणाला, असेल काका. त्याच्या त्या ‘असेल’ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे उन्हाळे-हिवाळे मी स्वतः पाहिलेले, आणि हा कोण काल पेचकस फिरवून मला सांगणार? त्याला खोटं पाडायचं म्हणून मी भिंगरीला फोन लावला. तसा लावला नसता, हेही खरं.

पहिल्याच रिंगला उचलला तिने. “बाबा? काय झालं? बरे आहात ना?”

बापाने फोन केला तर पोरीच्या तोंडून पहिलं हे निघालं. मी म्हटलं, बरा आहे, सहज केला. हल्ली संध्याकाळी काय ऐकतेस?

ती गोंधळली. म्हणाली, काही नाही. खोलीवर आल्यावर जेवते आणि झोपते. ते गाण्यांचं तर तिने कधीच काढून टाकलं फोनमधून.

“कधी?” मी विचारलं.

“झाली दोन-तीन वर्षं. तुम्ही खो द्यायचं सोडलंत ना, तेव्हा. मी मुद्दाम गाणं लावायचे, वाट बघायचे तुम्ही तोडाल आणि मग मी फोन करीन. तुम्ही तोडायचाच नाहीत. वाटलं, बाबांना माझा त्रास होत असेल. मग म्हटलं, ऐकू दे त्यांना शांतपणे.”

इतकी वर्षं मी एका तापलेल्या डब्याला लेक समजून त्याच्यासाठी गप्प बसत होतो. आणि लेक तिकडे माझ्यासाठी गप्प बसली होती. हसावं तर हसू येईना. मी तिला सगळं सांगून टाकलं, कपाट, पडदा, आणि हेही की उन्हाळ्यात ती लवकर घरी येते याचं मला किती बरं वाटायचं.

मग ती म्हणाली, “बाबा, पुलाची कामं उन्हाळ्यातच जोरात असतात. उन्हाळ्यात मी सगळ्यांत उशिरा येते.”

तिने विचारलं, पासवर्ड तोच आहे का? मी म्हटलं, तोच. ती बरं म्हणाली. तिला साइटवरून कुणीतरी हाक मारली आणि फोन संपला.

दुसऱ्या संध्याकाळी मी गाणं लावून बसलो. काही झालं नाही. तिसऱ्या संध्याकाळीही नाही. स्वतःला सांगितलं, उन्हाळा आहे, तिला उशीर होणार. खरा उशीर. पण मन खट्टू झालं ते झालंच. तिला तरी काय दोष द्यायचा? मोडलेली सवय एका फोनने कुठे जुळते? त्या दिवशी साच्यांवर काम करताना माझ्या लक्षात आलं की समोर कुणाचं तोंड आहे हे मला काहीच माहीत नाही. चिडका कोण आणि शांत कोण, सगळं मी बसल्या जागी रचलेलं.

आज जेवण उरकून भांडी घासत होतो. बाहेरच्या खोलीत कुणीतरी जुनी ठुमरी म्हणत होतं, माझं लक्षही नव्हतं. गाणं मध्येच तुटलं.

मी साबणाच्या हातानेच बाहेर आलो. पडदा वाचायचा मला धीर झाला नाही. आधी हात पुसले आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर तळहात ठेवला. गार होता.

मग चष्मा शोधून पडदा वाचला. ‘दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.’ ती आत्ता दमून टेकली असेल, पाय वर घेतले असतील. ऐकू दे बिचारीला, असं मनात आलं खरं. तरी मी बटण दाबून तिचं गाणं तोडलं, आणि फोन मांडीवर घेऊन बसलो.