दुमडलेला कागद

माझ्या धाकट्याला कागद दुमडून पुढे करायची खोड आहे. वर काय लिहिलंय ते झाकलेलं, सहीपुरती जागा तेवढी उघडी. "आई, इथं," म्हणतो आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून देतो. आजारपणात पाण्याचा पेला द्यायला त्याचा हात कधी एवढा चपळ चालला नाही.

दोष माझाही आहे. मी दुसरीत शाळा सोडली. अक्षरं लावायला वेळ लागतो, आणि तो लागतो हे चारचौघांत कळलेलं मला खपत नाही. म्हणून कागद आला की चष्मा सरकवायचा, वाचल्यासारखं करायचं आणि झोकात सही ठोकायची. इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं अशीच निभावली.

परवाची सही पेन्शनच्या कागदावर होती, असं तो म्हणाला. आज मला बँकेत घेऊन आला. "त्यांना तुला फक्त बघायचंय. तू काही बोलू नकोस."

अर्धा तास रांगेत उभं राहून माझे गुडघेच बोलायला लागले होते. मी कशाला बोलते?

खिडकीतल्या मुलीने कागद उलगडला. "आजी, ठेव मोडायचीय ना नक्की? मुदत संपायला चारच महिने राहिलेत. व्याज कापलं जाईल."

"तिला माहितेय सगळं," धाकटा घाईने म्हणाला. "तुम्ही करा पुढचं, मॅडम."

ती ठेव मी अंथरुणाला खिळले तर बाई लावण्यासाठी आहे. रोग्यांच्या चादरी धुतल्यात मी. कोणाला कूस बदलून द्यायला माणूस आहे आणि कोणाला नाही, हे चादरीवरून कळतं. कोणा सुनेने नाक दाबून माझं करावं, हे मला नको होतं.

मागे सात-आठ माणसं होती. त्यांत आमच्या गल्लीतली शिंपीणही. तिच्यासमोर मी रोज वर्तमानपत्र उघडून बसते.

"पोरी," मी म्हटलं, "मला धड वाचता येत नाही. वरपासून वाच. मोठ्याने."

तिने वाचलं. सगळी रक्कम, धाकट्याच्या खात्यात. शिंपीण आपल्या पिशवीत उगाच काहीतरी शोधायला लागली.

"दुकानाच्या गाळ्यासाठी हवे होते गं," तो पुटपुटला. "सहा महिन्यांत परत ठेवले असते."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली, तशी तिने अर्जावर आडवी रेघ मारली.

बाहेर पायऱ्या उतरताना त्याने हात पुढे केला. मी कठडा धरला. तीन पायऱ्यांना चांगला वेळ लागला. खाली पोचून दम घेतला आणि मग त्याच्याकडे बघून बोलले.

"विचारलं असतंस तर नाहीच म्हटलं असतं मी. दोन दिवस तू रुसला असतास, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने जेवायला बसला असतास. आता रुसलेय मी. आणि माझ्या वयात तिसरा दिवस लवकर उजाडत नाही, बाबा."