आयतारच्या गाडीचा बैल

मी एक जुना बैल आहे, मित्रांनो. नाव बांड्या, कारण माझं अंग तांबडं आणि पांढरं, असं दोन रंगांचं. आता दात झिजलेत, डोळ्यांतून सारखं पाणी येतं, पण गप्प उभं राहणं काही मला जमत नाही. दावणीला बांधा, मी खूर घासणार. मोकळा सोडा, मी कुंपणाकडे धावणार. लोक म्हणतात, खोडच आहे त्याला. असू दे. खोड कशी लागली ते तरी ऐका.

माझा जन्म गुंद गावचा, लखूच्या गोठ्यातला. लखू भात पिकवायचा आणि उरलेल्या दिवसांत रानात लाकूडतोडीला जायचा. माणूस तापट, पण सोमवारी आमच्या मानेवर जू ठेवायचा नाही म्हणजे नाही. सोमवार शंकराचा, बैलही शंकराचा, विषय संपला. त्या दिवशी त्याची बायको रुक्मा आम्हाला ओढ्यावर नेऊन घासायची, शिंगांना तेल लावायची आणि पुढ्यात कोंड्याचं आंबोण ठेवायची. मला वार मोजता येत नव्हते, पण सोमवार हाडांना कळायचा. आदल्या संध्याकाळीच माझी मान सैल पडायची.

चौथ्या वर्षी लखूनं मला बाजारात विकलं. घेणारा इनास नावाचा किरिस्ताव गाडीवान. रानात तोडलेले सागाचे ओंडके तो बैलगाडीनं कॅसलरॉकच्या स्टेशनावर पोचवायचा. तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं, आणि आगगाडीला लाकूड किती लागे ते विचारूच नका. माझा कासरा त्याच्या हातात देताना लखूनं बजावलं होतं, "सोमवारी जुंपू नगंस." इनासनं मान हलवली. बाजाराच्या गडबडीत माणसं कशालाही मान हलवतात.

पहिल्याच सोमवारी तो जू घेऊन आला. मी खाली बसलो. त्यानं शेपूट पिरगळलं, चाबूक ओढला, मी ढिम्म. माझ्या जोडीचा बैल कोसा, गरीब स्वभावाचा, तो नुसता उभा राहून माझ्याकडे बघत राहिला. एका बैलावर गाडी चालत नाही. दुपार कलल्यावर मी उठलो, कारण पाठ सोलवटली होती. पुढच्या सोमवारी पुन्हा बसलो.

आता तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती माणसाच्या घरी रविवारची सुट्टी असते, मग तुझं दुखतं कुठं? अहो, तिथंच तर दुखतं. रविवारी, म्हणजे त्यांच्या आयतारी, इनास कशालाही हात लावायचा नाही. कुऱ्हाड नाही, दोर नाही, साधा खुंटा ठोकणार नाही. पहाटे अंघोळ करून तो धुवट कपडे घालायचा, त्याची बायको रुजाय दोन पोरांना तयार करायची, आणि मग सगळे गाडीत चढून बसायचे. गाडीला कोण? मी आणि कोसा. अडीच कोसांचा चढ, स्टेशनाजवळच्या इगर्जेपर्यंत. इगर्ज म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं देऊळ. संध्याकाळी परत, आणि सोमवारी पहाटे पुन्हा जू आणि चाबूक. सात दिवसांतला एकही माझा नव्हता. मानेवर हाताच्या मुठीएवढी सूज आली. मी रात्रंदिवस पाय बदलत उभा राहायला लागलो.

एका आयतारी आम्हाला इगर्जेच्या खिडकीखाली जांभळीला बांधलं होतं. आत पाद्री कोकणीत देवाच्या आज्ञा सांगत होता. विसाव्याचा वार पवित्र पाळ, तो म्हणाला. त्या दिवशी तू काम करू नकोस. तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा गडी, तुझी मोलकरीण, तुझा बैल, तुझं गाढव, कुणीही नाही.

माझा रवंथ थांबला. बैल म्हणाला तो. मित्रांनो, देवाच्या आज्ञेत मी होतो, आणि बाहेर जांभळीखाली माझी मान ठणकत होती. मी इतक्या जोरानं हंबरलो की पाद्र्यालाही थांबावं लागलं. इनास शरमून बाहेर आला आणि त्यानं माझ्यापुढं गवताची पेंढी टाकली. त्याला वाटलं, मला भूक लागली आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी जो बसलो तो उठलोच नाही. यशवंत मुकादम, म्हणजे लाकडाच्या कंत्राटदाराचा माणूस, स्वतः अंगणात आला.

"इनास, आयतारी तू बसतोस, सोमवारी तुझा बैल बसतोय," तो म्हणाला. "वॅगन काय तुमा दोघांची वाट बघत थांबणार हाय व्हय? पुढच्या सोमवारी गाडी भरून निघाली न्हाई तर तू कामावरनं सुटलास. एक तर आयतार सोड, न्हाईतर ह्यो बैल खाटकाला दे."

गाडीचं काम गेलं तर त्या घरात चूल पेटायची नाही, हे मलाही कळत होतं. पण खाटीक हा शब्दही प्रत्येक बैलाला कळतो. त्या आठवड्यात मी एक घास नीट खाल्ला नाही. पान हललं तरी दचकायचो.

आयतार सोडणं इनासच्या जिवावर आलं होतं, आणि मला खाटकाला देणंही. त्यानं लखूला निरोप धाडला की तुझा बैल परत घेऊन जा. शनिवारी लखू आला, रुजायनं दिलेलं गूळपाणी प्याला आणि ओसरीवर टेकला.

"मामा, सगळ्या वारी राबतो, सोमवारीच बसतो," इनास म्हणाला.

"त्येचा वार हाय त्यो. पर मला एक सांग, तुमी लोक आयतारच का पाळता? ज्येला त्येला एक वार लागतोच, पर ह्योच का?"

इनास जरा सावरून बसला. "पयला शनिवारच व्हता, मामा. देवानं सा दिवसांत जग केलं आन सातव्या दिवशी विसावा घेतला, त्यो शनिवार. यहुदी लोक अजून पाळत्यात. पर आमच्या जेजूला, म्हंजे येशूला, शुक्रवारी लाकडाच्या खुर्सावर खिळून मारलं. सांजेच्या आत गुहेत ठेवलं आन तोंडाशी धोंडा लावला. शनिवार तसाच गेला. आयतारी पहाटंच सुगंधी तेल घेऊन कोण गेलं, तर धोंडा बाजूला आन गुहा रिकामी. जेजू जिता झाला व्हता."

"कोण गेलं म्हंजे? बायका गेल्या," रुजाय आतून म्हणाली.

"व्हय, बायका. तवापासनं त्याची माणसं त्याच वारी जमून भाकर मोडून खायला लागली. लई वर्सांनी रोमच्या एका राजानं त्याच दिवशी कचेऱ्या बंद ठेवायचा हुकूम काढला, आन तसंच चालत आलं."

"म्हंजे तुमी वार बदलला," लखू म्हणाला.

"वार बदलला. विसावा त्योच."

माझे कान उभे राहिले. वार बदलता येतो? मी समजत होतो, वार खुरांसारखा जन्मापासूनच लागलेला असतो.

लखू उठून माझ्याजवळ आला. त्यानं मानेवर हात ठेवताच मी कळवळून बाजूला झालो. त्यानं सूज नीट निरखली. "मग आयतारी माझा बांड्या काय करतोय?"

"आमाला इगर्जेत नेतो."

"जुंपून?"

"देवाच्या घरी जाणं म्हंजे काम न्हवं, मामा."

"तुला नसंल. गाडी वढतोय त्येला इचार की."

इनासचा चेहरा लाल झाला. लखूनं पागोटं बांधलं. "मी न्ह्याचा न्हाई त्येला. इकला तवा तुझ्या भरवशावर इकलाय," एवढं बोलून तो गुंदच्या वाटेला लागला. मी दाव्याला हिसके देत त्याच्या मागं बघत राहिलो. मला त्याचा फार राग आला.

आयतार उजाडला. इनास जू खांद्यावर घेऊन गोठ्यात आला. त्याची नजर माझ्या सुजेवर गेली. मग त्यानं जू भिंतीला टेकवलं आणि माझ्या मानेवर कोमट तेलहळद लावली.

"रुजाय, आज चालत जायचं," त्यानं हाक दिली.

"अडीच कोस? पोरं घेऊन?"

"त्या बायका काय गाडीनं गेल्या व्हत्या?"

ते गेले. माझ्यापुढं हिरवा चारा होता, सावली होती, आणि मला मेल्याला विसावा घेता येईना. आत्ता येतील, आत्ता जुंपतील, म्हणून दिवसभर माझं लक्ष कुंपणाच्या फाटकाकडेच. अंधार पडता पडता ती चौघं धुळीनं माखून परत आली, धाकटं पोर इनासच्या पाठीवर.

सोमवारी तो पुन्हा जू घेऊन आला. मुकादम वाटेत उभा. इनासच्या हातात चाबूक नव्हता. तो हळूच म्हणाला, "बांड्या, तुझा वार काल झाला बाबा. आता ऊठ."

माझं एकेक हाड म्हणत होतं, बस. मनात आलं, हा एकदा चालला, पुढच्या आयतारी पुन्हा जुंपलं तर? कोण जाब विचारणार? मी खाली बघितलं. त्याच्या पायाचा अंगठा ठेचकाळून फुटला होता आणि त्यावर धोतराची चिंधी बांधली होती. मी उठलो आणि जुवाखाली मान घातली. गाडी वेळेत पोचली, इनासचं काम राहिलं, मीही राहिलो. पुढं अकरा वर्षं मी ओंडके ओढले, पण आयतारी मला कधी कुणी जुंपलं नाही. इगर्जेत लोक इनासची थट्टा करायचे, की ह्याचा बैल मोठा धार्मिक. तो हसून घ्यायचा.

एवढं झाल्यावर मी निवांत व्हायला हवं होतं. नाही झालो. आयतारी बसून असतो ना, म्हणून दिसायला लागलं. रुजाय सगळ्यांच्या आधी उठते. पाणी भरते, भाकऱ्या भाजते, पोरांना न्हाऊमाखू घालते. मग अडीच कोस जाते, अडीच कोस येते. आल्यावर इनास ओसरीवर पाय पसरतो, आणि ती तशीच चूल फुंकायला आत जाते. माझं आंबोणही तीच आणते. त्यानंतर दरसाल त्या आज्ञा वाचल्या गेल्या असतील. मी ऐकल्या तेव्हा त्यांत मुलगा होता, मुलगी होती, गडी, मोलकरीण, मी, अगदी गाढवसुद्धा. बायको हा शब्द मला ऐकू आला नाही.

मित्रांनो, तुम्ही सोमवार पाळा, आयतार पाळा, तुमचा जो असेल तो वार पाळा. फक्त त्या दिवशी तुमच्या घरात कोण उभं आहे ते एकदा बघा. मी बैल होतो, म्हणून वाटेत बसलो, आणि लोकांना माझ्याकडे बघावं लागलं. रुजाय अजून एकदाही बसलेली नाही.